दारात राहिलेली वाटी

या पेजवरचे अनुभव मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत नेहमी वाचतो. पुष्कळ अनुभवांत भूत दात दाखवते आणि माणसे पळत सुटतात. माझ्या अनुभवात कोणीही पळाले नाही. आम्ही उभयता जागच्या जागी आहोत, आणि तीच आमची व्यथा आहे.

हे सर्व सत्य आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले आहे, त्यामुळे लिहिण्यात उणे-अधिक झाल्यास क्षमा असावी. परंतु घडलेल्या गोष्टीत मी एका शब्दाचीही भर घातलेली नाही.

दिवस होता गेल्या वर्षीचा एकतीस ऑक्टोबर. वेळ दिवेलागणीची. स्थळ मावळातील भाजे गाव आणि मळवली स्टेशन यांच्या दरम्यान असलेली एक बंगल्यांची सोसायटी. तिचे नाव लिहीत नाही, कारण माझी नोकरी अद्याप तेथेच आहे.

मी तेथे माळीकाम करतो. सोसायटीच्या टोकाला, रोपवाटिकेच्या मागे, आम्हाला एक खोली राहण्यास दिलेली आहे. आम्ही म्हणजे मी आणि माझी पत्नी शालन.

आम्ही दोघेच.

पूर्वी तिघे होतो.

आमची मुलगी चैताली. तिला आम्ही चैतू म्हणत असू. सोसायटी होण्याच्या आधीची गोष्ट आहे. त्या वेळी या जागेवर आमच्या भावकीची भातखाचरे होती. श्रावणात चैतूला ताप भरला. तालुक्याला नेले, तेथून पुढे नेले... आणि परत आणले तेव्हा ती माझ्या मांडीवर निजल्यासारखी होती.

तिला चार वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. एवढ्या लहान लेकराला आमच्याकडे अग्नी देत नाहीत, मूठमाती देतात. आमच्या खाचराच्या बांधाला तिला ठेवले. शालनने ट्रंकेतून स्वतःचे हळदीचे पातळ काढून दिले. पिवळे, हिरव्या काठाचे. त्यात तिला गुंडाळले. उशाशी दुधाची वाटी ठेवली. वाटी तिचीच होती. बारशाला तिच्या मामाने शिरगावहून आणली होती, आणि दुकानात बसून तिच्यावर नाव कोरून घेतले होते.

"कु. चैताली."

वाटीच्या काठाला एक पोचा होता. भूक लागली की ती वाटी उंबऱ्यावर आपटायची, त्याचा.

पुढे भावकीने जमीन विकली. बांध गेले. खाचरे सपाट झाली. आज त्या जागी क्लबहाऊसचे लॉन आहे आणि लॉनच्या कडेला मुलांसाठी झोपाळा आहे. झोपाळ्यापलीकडे मी दुसरे काहीही लावलेले नाही. फक्त हिरवळ. तेथील हिरवळ मी विळ्याने कापतो. मशीन घालत नाही.

ती जागा कोणती, हे केवळ आम्हा दोघांना ठाऊक आहे.

आता हॅलोविनविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण त्याच्याशिवाय पुढचे समजणार नाही.

आमच्या सोसायटीत हा सण राजेश्वरीताईंनी आणला. त्या बरीच वर्षे अमेरिकेत राहून आलेल्या होत्या. त्या दिवशी मुले भुताचे सोंग घेऊन दारोदार जातात आणि घरातली माणसे त्यांना गोळ्या-चॉकलेट देतात, असे त्यांनी समजावून सांगितले. मला त्यात नवल वाटले नाही. माझ्या लहानपणी वसुबारसेला गुराखी पोरे गवताची दिवटी घेऊन गावातले प्रत्येक दार घेत असत. कोणी दिवटीवर तेल घाली, कोणी ओंजळभर पोहे देई. कोणाचे दार चुकले तर त्या घरची म्हातारी दुसऱ्या दिवशी रस्त्यात भांडत असे.

पहिल्या वर्षी मुलांनी जुन्या चादरी पांघरल्या होत्या. डोळ्यांच्या जागी कात्रीने भोके पाडलेली. राजेश्वरीताईंनी मुलांना एकच नियम घालून दिला होता, "कुठलंही दार सोडायचं नाही." म्हणून ती मुले आमच्या खोलीच्या दारातही आली.

शालन गडबडून गेली. घरात चॉकलेट कुठले असणार? तिने डब्यातले राजगिऱ्याचे लाडू काढले. मुलांनी ते आनंदाने घेतले. चैतू गेल्यानंतर आमच्या उंबऱ्यावर लहान मुलांचा गलबला प्रथमच झाला होता. मी नळावर पाय धूत होतो. मला शालनचे हसणे ऐकू आले.

मुले गेली.

मग शालन नळापाशी आली. तिचा चेहरा वेगळाच दिसत होता.

"अहो, ती शेवटची पोर कुणाची वो?"

"कुठली?"

"पिवळं पातळ पांघरलेली. सगळ्यांच्या मागं हुती. बोलली न्हाई काई."

"असंल बंगल्यातली कुणाची."

"तिच्या हातात पिशवी न्हवती," शालन म्हणाली. "वाटी हुती."

तिने मूठ उघडून मला दाखवली. मुठीत भाताची एक लोंबी होती.

"वाटीत हे हुतं. मी काढून घेतलं आन् लाडू घातला."

आमच्या भागात कोणाच्या घरी भांडे जाते ते रिकामे जात नाही, आणि परत येते तेही रिकामे येत नाही. कोणी फराळाचे ताट आणून दिले तर त्यात निदान चिमूटभर साखर घालून ते परत करतात. ही रीत शहरातल्या मुलांना माहीत असण्याचे कारण नव्हते.

मी ती लोंबी नाकाशी नेली...

आंबेमोहर.

अलीकडे आमच्याकडे सर्वत्र इंद्रायणी लावतात. आंबेमोहर माझे वडील लावत असत. ज्या खाचराच्या बांधाला चैतू आहे, त्या खाचरात.

मी शालनला म्हणालो, "कुठनं तरी उपटून आणली असंल पोरीनं." तिने लोंबी देवाच्या फळीवर ठेवली.

पुढच्या वर्षीही तसेच झाले. त्याच्या पुढच्या वर्षीही.

दर वर्षी मी दारात थांबण्याचे ठरवीत असे, आणि दर वर्षी मला कोणीतरी हाक मारून नेई. लाईटची माळ लावायची असे, एखाद्या गाडीला वाट करून द्यायची असे. मी परत येईपर्यंत मुले येऊन गेलेली असत. फळीवर एक लोंबी वाढलेली असे. शालन त्या रात्री पोटभर जेवत असे आणि शांत झोपत असे. बाकीचे वर्ष ती कसे काढीत होती, हे मी लिहू शकत नाही.

एकदा मी तिला विचारले, "तुला खरंच वाटतं का गं?"

ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "वाटीला पोचा हाय, अहो."

यानंतर मी तिला पुन्हा कधीही विचारले नाही.

या काळात तो सणही बदलत गेला. राजेश्वरीताई मुलाकडे कायमच्या निघून गेल्या. चादरी गेल्या. मुले विकत आणलेले पोशाख घालू लागली, ज्यांत दिवे लागतात आणि आवाज येतात. मग काही घरांनी सांगितले की आमच्याकडे येऊ नका. मग ज्यांना मुले यायला हवी आहेत, त्यांनी फाटकावर या सणाची खूण म्हणून भोपळ्याचे चित्र लावावे असे ठरले. सुट्या खाऊला बंदी आली, बंद पाकीट पाहिजे असे ठरले. शालनने लाडू प्लास्टिकच्या कागदात बांधायला सुरुवात केली. वहीच्या पानावर भोपळा काढून तो दारावर चिकटवला. तो भोपळा कमी आणि वांगे जास्त दिसत होता.

तरीही मुले येत होती. आणि सर्वांच्या मागे ती येत होती.

नंतर भाजे गावची मुले येऊ लागली. चुलीतले कोळसे तोंडाला फासून, पोती पांघरून ती सोसायटीच्या मुलांत मिसळत. त्यांनाही खाऊ हवा होता. त्यावरून मोठी बैठक झाली. मुलांची सुरक्षितता, अनोळखी माणसे, कॅमेरे असे पुष्कळ बोलणे झाले.

आणि गेल्या वर्षी निर्णय झाला. आता दारोदार जाणे नाही. कार्यक्रम क्लबहाऊसमध्ये. मुलांच्या मनगटाला केशरी पट्टी बांधायची. पट्टी दाखवली की टेबलावरून एक पाकीट मिळेल. पट्टी नाही तर पाकीट नाही.

टेबलावर बसण्याचे काम मला दिले गेले.

मी घरी येऊन शालनला सांगितले. ती राजगिरा निवडत होती. तिचा हात थांबला.

"दारात कुणीच येणार न्हाई?"

"न्हाई."

"मंग ती कुणाच्या मागनं येईल?"

मी खाली बसून तिच्या सुपातले खडे वेचू लागलो.

"ती पोरांच्या मागनं येती," शालन म्हणाली. "एकटी कधी आली न्हाई. एकटीला वाट कशी घावंल?" मग ती म्हणाली, "तुमी मॅडमला इचारा की. म्हणावं, आमच्या एकाच दाराला येऊ द्या. पोरं धावत येतील आन् जातील."

कार्यक्रमाची जबाबदारी सोसायटीच्या कमिटीतल्या माधवी मॅडमकडे होती. मी त्यांना विचारले. त्या वाईट नाहीत, हे मी येथे स्पष्ट लिहितो. चैतूच्या आजारपणाचे त्यांना कोणाकडून तरी कळले होते आणि त्या शालनशी नेहमी मायेने बोलतात.

"बाजीराव, मला समजतं हो," त्या म्हणाल्या. "पण एका दाराला परवानगी दिली की उद्या सगळे विचारणार. तुम्ही असं करा, शालनताईंसाठी एक पाकीट घेऊन जा माझ्याकडून."

मी पाकीट घेतले. शालनला मात्र ते दिले नाही.

एकतीस तारखेला शालनने पहाटे उठून लाडू वळले. दुपारपासून दार सारवून, रांगोळी काढून ती उंबऱ्यावर बसली. निघताना मी तिला म्हणालो, "मी हाय तितं. दिसली तर बघतो."

ती म्हणाली, "तुमाला कधी दिसली न्हाई ती."

क्लबहाऊसमध्ये गाणी मोठ्याने लावलेली होती. भिंतींवर कापसाची कोळिष्टके लावली होती. झाडलोट करणाऱ्या लीलाबाई मावशी ती पाहून कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"बाजीराव भाऊ, वर्षभर मी जाळी काढती म्हणून पगार देत्यात, आन् आज हे इकत आणून लावत्यात. मला आदी सांगितलं असतं तर मी कोपऱ्यातली तशीच ठिवली असती."

"फुकटची कुणाला आवडत न्हाईत, मावशी."

"व्हय, आन् ह्यो कोन? ह्या पोराच्या तोंडातनं रगात येतंय." त्या एका मुलाला जवळ घेऊन म्हणाल्या, "बाळा, दात घास रं."

मुले हसली. मीही हसलो.

माझे टेबल बाहेर, लॉनच्या कडेला मांडलेले होते. रांग सरकत होती. मनगट पुढे येई, मी पट्टी पाही, पाकीट देई. खाऊ मागताना दारात जे म्हणतात ते ट्रिक ऑर ट्रीट कोणी म्हणत नव्हते. म्हणण्याचे कारणही नव्हते. दार वाजवायचे नव्हते आणि कोण दार उघडेल याची उत्सुकता नव्हती. पाकीट घेतले की मुले फोटोच्या जागेकडे जात. कुंपणाबाहेर भाजे गावची चार-दोन मुले कोळशाच्या तोंडाने उभी होती. थोड्या वेळाने तीही निघून गेली.

रांग संपली. मुले आत खेळ खेळायला गेली. मी टेबलापाशी एकटाच राहिलो.

मग गाणे थांबले.

गाणे थांबते आणि दुसरे सुरू होते, तसे वाटले. पण दुसरे सुरू झाले नाही.

आतल्या मुलांचा आवाज येईना. रातकिडे थांबले. हमरस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आमच्याकडे अष्टौप्रहर येतो... तोही येईना.

आणि वास आला.

आंबेमोहर फुलावर असताना पहाटे बांधावर उभे राहिले की जो वास येतो... तो.

मी मान वर केली.

टेबलासमोर एक मूल उभे होते. टेबलाच्या काठाएवढे. डोक्यापासून पायापर्यंत पिवळे पातळ. हिरवा काठ गवतावर लोळत होता. पातळाला डोळ्यांची भोके नव्हती.

पातळाखालून दोन हात बाहेर आले. मनगटावर पट्टी नव्हती.

हातांत वाटी होती. वाटीत एक लोंबी.

तिने वाटी माझ्यासमोर धरली. क्लबहाऊसचा दिवा वाटीवर पडत होता. मला वाचता येते. मी वाचले.

कु. चैताली.

वाचकहो, मला भीती वाटली नाही. माझा हात पाकिटाकडे गेला आणि मध्येच थांबला. मला शालन आठवली. पहाटे उठून वळलेले लाडू आठवले. वर्षभर ती ज्या एका क्षणासाठी जगते, तो क्षण माझ्या टेबलावर संपून जाईल, असे मला वाटले. तिच्या आईने तिच्या वाटीत घालावे. मी नाही.

मी हळू आवाजात म्हणालो, "हितं न्हाई बाळा. घरी जा. आई दारात बसलीया."

ती हलली नाही.

"आपल्या घरी. रोपांच्या मागं. वाट ठावं हाय न्हवं तुला?"

पातळातली मान खाली-वर झाली. एकदाच.

ती वळली. झोपाळ्याजवळून, मेंदीच्या कुंपणाला धरून ती आमच्या खोलीच्या दिशेने चालू लागली. एकटी. अंधाराच्या कडेला पिवळा रंग दिसेनासा झाला आणि...

गाणे पुन्हा सुरू झाले.

"बाजीराव, कोणाशी बोलत होता?" माधवी मॅडम मागून आल्या. "कोणी राहिलंय का?"

"न्हाई मॅडम," मी म्हणालो. "मला जरा घरी जाऊ द्या."

माझा चेहरा पाहून त्यांनी मान डोलावली. मी मुख्य रस्त्याने धावत निघालो. मनात एकच विचार होता. आज शालनबरोबर मीही तिला पाहीन. तिघे एका दारात असू.

खोलीचे दार उघडे होते.

दिवा जळत होता. रांगोळी मोडलेली नव्हती.

उंबऱ्यावर कोणीही नव्हते.

मी हाक मारली. आत पाहिले. मोरीत पाहिले. मग रोपवाटिकेच्या बाजूने पावले वाजली. मी वळलो.

शालन येत होती. पदरात लाडू धरलेले होते.

"दिसली का हो?" तिने लांबूनच विचारले.

"तू कुटं गेलतीस?"

"मला वाटलं, हितं कोन येनार? पोरं तितं, तर तीबी तितंच असंल." ती धापा टाकत होती. "मी रोपांच्या मधनं गेले. तुमीबी टेबलाशी न्हवता. झोपाळ्यापशी हुबी ऱ्हायले. तिच्या जाग्यावर. लय हाका मारल्या मनातल्या मनात. कोन आलं न्हाई."

मी तिला काय सांगणार होतो? ती रोपांमधून तिकडे गेली, आणि लेक कुंपणाच्या कडेने इकडे आली. मधे केवळ मेंदीचे एक कुंपण होते.

शालनची नजर माझ्यावरून खाली गेली.

"अहो..."

उंबऱ्याच्या आत, दाराच्या आडोशाला, वाटी ठेवलेली होती. मी घाईत ती ओलांडून आत गेलो होतो.

वाटीत लोंबी होती. शेजारच्या जमिनीवर, सारवणात, लहान बोटांचे ठसे उमटलेले होते. ती तेथे बसली होती. तिने वाट पाहिली होती. दारात घालणारे कोणी नाही असे पाहून ती वाटी ठेवून निघून गेली होती.

शालन खाली बसली. तिने वाटी उचलली. अंगठा पोच्यावरून फिरवला. ती रडली नाही. तिने लोंबी काढली, वाटीत लाडू ठेवला आणि वाटी पुन्हा उंबऱ्यावर ठेवली.

म्हणाली, "भांडं आपल्याकडं ऱ्हायलं. न्यायला येईल."

या गोष्टीला आता कित्येक महिने झाले. वाटी आमच्याच घरी आहे. जी वाटी मी माझ्या हाताने मातीत ठेवली होती, ती वाटी. आत काळ्या मातीची एक रेघ आहे. ती घासून जात नाही. लॉनवरची ती जागा मी रोज पाहतो. हिरवळ कोठेही उकरलेली नाही. उकरून पाहावे असे एकदा मनात आले. माझे हात धजले नाहीत.

शालन रोज दिवेलागणीला वाटीत काहीतरी घालते. कधी लाडू, कधी गूळ, कधी दूधभात. सकाळी ते जसेच्या तसे असते. आमच्याकडे मुंग्या पुष्कळ आहेत. साखरेचा डबा आम्ही पाण्याच्या ताटात ठेवतो. परंतु त्या वाटीला आजवर एकही मुंगी लागलेली नाही.

या वर्षी हॅलोविनचा कार्यक्रम सोसायटीत नाही, असे माधवी मॅडमनी मागच्या आठवड्यात सांगितले. लोणावळ्याच्या एका हॉटेलात आहे. मुलांना गाडीने नेणार आहेत. सोसायटीत त्या दिवशी एकही मूल नसेल.

मी हे शालनला सांगितलेले नाही.

काल संध्याकाळी ती उंबऱ्यावर बसली होती. डोंगराकडून गार वारा सुटला होता. मी म्हणालो, "आत ये, हवा लागंल." ती म्हणाली, "उठले आन् तेवढ्यात आली म्हंजे?"

मी गोधडी आणून तिच्या खांद्यावर टाकली. दिव्यात तेल घातले. मग आत जायचे माझ्यानेही झाले नाही. वाटी मधे ठेवून मी तिच्या शेजारी बसलो.